अमेरिकन नागरिक झालेल्या मुलीच्या नावावर मुंबईत फ्लॅट: परवानगी, पैसा आणि कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी न्यू जर्सीत राहते, तीन वर्षांपूर्वी अमेरिकेची नागरिक झाली, तिच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड आहे. जावई जन्माने अमेरिकन, त्यांचं भारताशी नातं लग्नामुळेच. लग्न नोंदणी होऊन चार वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला जुन्या सोसायटीतला टू बीएचके २ कोटी ४० लाखांना ठरतो आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायचा, सध्या तिथे तुम्ही आई-वडील राहणार, आणि पुढेमागे विकला तर पैसे अमेरिकेत नेता यायला हवेत. व्यवहार हातचा जाऊ नये म्हणून तुम्ही तुमच्या पेन्शनच्या खात्यातून ५ लाख टोकन देऊन मोकळे झाला आहात.

घेता येईल. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करावा लागत नाही. पण अशा व्यवहारात लोक परवानगीची काळजी करत बसतात आणि पैसा कोणत्या खात्यातून गेला याकडे बघत नाहीत. परवानगीचा विषय एका दुपारी संपतो. पैशाच्या वाटेत झालेली चूक मात्र दहा-पंधरा वर्षांनी, फ्लॅट विकल्यावर, बँकेच्या काउंटरवर बाहेर येते, आणि तेव्हा ती दुरुस्त करायला फारसं काही हातात उरलेलं नसतं. म्हणून टोकनबद्दल पुढे सविस्तर लिहितो, ते आधी निस्तरा.

कोणाला घेता येतं

ओसीआय कार्डधारकाला घर, दुकान, ऑफिस विकत घेता येतं. संख्येवर मर्यादा नाही. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र विकत घेता येत नाही, भेट म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्काने आली तर ठेवता येते, आणि विकायची वेळ आली की भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. हे नियम फेमा या परकीय चलन कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांत आहेत, आणि गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेतही ओसीआयला या बाबतीत अनिवासी भारतीयाच्या बरोबरीने धरलं आहे.

याच ओघात एक सांगून ठेवतो, कारण मुंबईतल्या फ्लॅटनंतर पुढचा मोह कर्जत-मुरबाडकडच्या ‘बंगलो प्लॉट’चा असतो. ‘एनए (बिनशेती) होणार आहे, फाइल तहसीलमध्ये आहे’ म्हणजे आज ती शेतजमीनच. सातबाऱ्यावर आणि बिनशेती आदेशावर जे आहे तेच खरं. मुलीच्या बाबतीत फेमाही आडवा येतो आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेऊ न देणारा राज्याचा कूळकायदाही.

जावयांचं वेगळं आहे. ते ना अनिवासी भारतीय, ना ओसीआय. भारताबाहेर राहणाऱ्या अशा परदेशी नागरिकाला इथे एकट्याने स्थावर घेता येत नाही, फार तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घेता येतं. अपवाद एकच: पत्नी किंवा पती ओसीआय असेल तर तिच्या किंवा त्याच्याबरोबर संयुक्त नावाने एक मालमत्ता घेता येते. अट अशी की लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि खरेदीच्या आधी सलग दोन वर्षं तरी लग्न टिकलेलं हवं. तुमच्याकडे चार वर्षं आहेत, म्हणजे कायद्याने अडचण नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, चीन, नेपाळ, इराण अशा अकरा ठिकाणच्या नागरिकांवर जास्तीचं बंधन आहे, त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

तरीही फ्लॅट आत्ता मुलीच्या एकटीच्या नावावर घ्यावा असं मी सांगेन. पहिलं कारण सरळ पैशाचं. मुंबईत निवासी घरावर मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का, मिळून ६. खरेदीदार सगळ्या महिला असतील तर १ टक्का सवलत. २ कोटी ४० लाखांवर ६ टक्क्यांनी १४ लाख ४० हजार, ५ टक्क्यांनी १२ लाख. एका पुरुषाचं नाव घातलं की २ लाख ४० हजार गेले. (तुमच्या पत्नीचं नाव जोडलं तर सवलत राहते, तुमचं जोडलं तर जाते.) नोंदणी फी दोन्हीकडे ३० हजारच.

दुसरं कारण असं की जावयांना स्वतःलाच ओसीआय कार्ड मिळू शकतं. ओसीआयच्या जोडीदाराला दोन वर्षांच्या नोंदणीकृत लग्नाच्या आधारे अर्ज करता येतो. ते मिळालं की ‘एकच मालमत्ता’ ही मर्यादा उरत नाही, आणि मग मुलीने त्यांना हिस्सा बक्षीसपत्राने द्यायचा ठरवला तर पती-पत्नीतल्या निवासी घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर अधिभार एवढंच लागतं. लग्नामुळे मिळालेलं ओसीआय घटस्फोट झाला तर जातं, हेही लक्षात असू द्या.

पैसा कुठून निघायला हवा

खरेदीचा पैसा तीनच वाटांनी येऊ शकतो: परदेशातून बँकेमार्फत थेट, मुलीच्या एनआरई (परदेशातून आणलेल्या पैशाचं रुपयातलं खातं) किंवा एफसीएनआर (परकीय चलनातली ठेव) खात्यातून, किंवा तिच्या एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या पैशाचं खातं) खात्यातून. ती सुट्टीत आली असताना डॉलरच्या नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक देणं नियमातच निषिद्ध आहे.

आता तुमचे ५ लाख. ते निवासी भारतीयाच्या बचत खात्यातून थेट विकणाऱ्याला गेले, म्हणजे या तिन्हीपैकी एकाही वाटेने नाही. यावर ‘नंतर अ‍ॅडजस्ट करू’ म्हणू नका. मुलीने तेवढेच ५ लाख स्वतःच्या एनआरई खात्यातून विकणाऱ्याला द्यावेत, विकणाऱ्याने तुमचे ५ लाख तुमच्या त्याच खात्यात बँकेमार्फत परत करावेत, आणि करारातल्या पैशाच्या तक्त्यात मुलीची रक्कम यावी, तुमची नाही. करार नोंदवायच्या आधी हे दोन दिवसांचं काम आहे. नोंदणी झाल्यावर चूक दुरुस्ती लेख करावा लागेल, आणि त्यासाठी विकणारा पुन्हा निबंधकाच्या दारात यायला तयार होईलच असं नाही.

तुम्हाला खरंच मुलीला हातभार लावायचा असेल तर रीतसर रस्ता आहे. तुम्ही तिच्या एनआरओ खात्यात चेकने किंवा ऑनलाइन भेट म्हणून रक्कम टाका. आर्थिक वर्षाला माणशी २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत हे बसतं. मग ती एनआरओमधून विकणाऱ्याला देईल. फक्त तेवढा भाग पुढे परत नेताना एनआरओच्या हिशोबात मोजला जाईल.

आणखी एक खातं तपासा. बहुतेक घरांत असतं: मुलगी कॉलेजात असताना आईबरोबर उघडलेलं बचत खातं, अजून तसंच चालू. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं ठेवताच येत नाही, ते एनआरओमध्ये बदलावं लागतं. त्या जुन्या खात्यातून एक हप्ता जरी गेला तरी ‘अनिवासीने निवासी खात्यातून पैसे दिले’ अशी नोंद कायमची राहते. शाखेत जाऊन आधी बदलून घ्या. पासपोर्ट, ओसीआय आणि परदेशी पत्त्याचा पुरावा लागतो.

कोणत्या खात्यातून पैसे गेले याला एवढं महत्त्व का, तर परत नेण्याच्या नियमामुळे. एनआरई, एफसीएनआर किंवा थेट परकीय चलनातून घेतलेल्या घराची मूळ रक्कम विकल्यावर परत नेता येते, आणि ही सोय आयुष्यात दोनच निवासी मालमत्तांना आहे. नफ्याचा भाग बँका साधारणपणे एनआरओत जमा करायला सांगतात. एनआरओमधून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, कर भरल्याच्या आणि चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रावर. तुमच्या रकमेला ही मर्यादा पुरेशी आहे, पण मूळ रक्कम तिच्या बाहेर ठेवता आली तर का ठेवू नये? गृहकर्ज घेतलं तरी तोच न्याय: हप्ते एनआरईतून किंवा परदेशातून फेडले असतील तेवढा भाग परकीय चलनातला धरला जातो. नातेवाइकाने इथून हप्ता भरायला मुभा आहे, फक्त तो भाग त्यात धरला जात नाही.

पैसे पाठवताना कागदाकडे नीट बघा. बँकेतून बँकेत स्विफ्टने आलेल्या रकमेच्या सूचनापत्रावर पाठवणाऱ्याचं नाव, मिळणाऱ्याचं नाव, डॉलरमधली रक्कम, दर आणि हेतू छापलेला असतो. काही रेमिटन्स अ‍ॅपवरून पाठवलेली रक्कम मात्र खात्यात देशी एनईएफटीसारखी उतरते, स्टेटमेंटवर मुलीचं नावही नसतं. पाच-पन्नास हजार घरखर्चाला पाठवायला ते ठीक आहे. सव्वादोन कोटी तसे आणले तर परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र मिळवताना चपला झिजतात. प्रत्येक रकमेचं प्रमाणपत्र ती आल्यावर महिन्याभरात बँकेकडून मागून घ्या. दहा वर्षांनी तीच शाखा, तीच बँक असेल याची खात्री नाही. विकणाऱ्याच्या खात्यात अमेरिकेतून थेट पाठवण्यापेक्षा आधी मुलीच्या एनआरईत आणा आणि तिथून द्या, माग स्वच्छ राहतो.

टीडीएस: इथे खरेदीदार फसतो

विकणारा भारतात राहणारा असेल तर ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का कर (टीडीएस) कापून सरकारकडे भरायचा. तुमच्या व्यवहारात २ लाख ४० हजार, विकणाऱ्याच्या हातात २ कोटी ३७ लाख ६० हजार. करारातली किंमत आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरानुसारचं) मूल्य यात जे जास्त त्यावर कापायचं. प्रत्येक हप्त्यातून, टोकनमधूनही. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क आणि व्याज वेगळं.

विकणारा अनिवासी असेल तर सगळं गणितच बदलतं. तेव्हा १ टक्का नाही. दोन वर्षांहून जास्त काळ धरलेल्या घरावर १२.५ टक्के, १ कोटीवर गेल्यामुळे १५ टक्के सरचार्ज, वर ४ टक्के सेस: एकूण १४.९५ टक्के, आणि तोही नफ्यावर नाही, पूर्ण विक्री किमतीवर. २ कोटी ४० लाखांवर ३५ लाख ८८ हजार. विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचा दाखला आणला तरच कमी कापायचं. तुम्ही १ टक्का कापलात आणि तो अनिवासी निघाला, तर राहिलेला कर खात्याकडून मुलीच्या मागे लागतो.

हे मुलुंड, पार्ले, दादरच्या जुन्या सोसायट्यांत वारंवार घडतं, कारण फ्लॅट वडिलांच्या पश्चात दोन भावांच्या नावावर आलेला असतो, एक ठाण्यात आणि एक दुबईत. ठाण्यातला सगळी बोलणी करतो, दुबईतला सहीच्या दिवशीच दिसतो. तेव्हा दोन हिस्से वेगळे, दोन दर वेगळे. प्रत्येक विकणाऱ्याकडून त्या वर्षीचं निवासी-अनिवासी स्थान लेखी घ्या आणि तसं कलम करारात घाला.

मुलीचं पॅनही तपासा. भारतात असताना काढलेलं पॅन आयकर पोर्टलवर अजून ‘निवासी’ दाखवत असेल आणि आधारशी जोडलेलं नसेल, तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. अनिवासींना जोडणीतून सूट आहे, पण पोर्टलवर स्थान ‘अनिवासी’ असं बदललेलं हवं. विकणाऱ्याचं पॅन निष्क्रिय असेल तर तुम्हाला १ ऐवजी २० टक्के कापावा लागतो, म्हणून त्याचंही त्याच दिवशी पडताळून घ्या.

नावं

ही बाब लोक शेवटच्या आठवड्यात बघतात. आपल्याकडे पॅनवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर अमेरिकन पासपोर्टवर मधलं नाव गळून नवऱ्याचं आडनाव आलेलं असतं. ओसीआयवर पासपोर्टसारखं, बँकेत तिसरंच. करार, पॅन, पासपोर्ट आणि बँक खातं या चार ठिकाणी एकच नाव हवं. पॅनमधली दुरुस्ती सोपी, ती आधी करा. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडतं, पण टीडीएसची नोंद आणि बँक प्रतिज्ञापत्राने चालत नाही. पासपोर्ट नवीन झाला असेल तर ओसीआयच्या पोर्टलवर त्याची प्रत चढवलेली आहे का, तेही बघा.

कुलमुखत्यारपत्र

मुलगी येऊ शकत नसेल तर ती तुमच्या नावाने कुलमुखत्यारपत्र देईल. न्यू जर्सीतल्या नोटरीसमोर सही, मग त्या राज्य सरकारचा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का). (दुबईसारख्या ठिकाणाहून करायचं असेल तर अपोस्टिल नाही, भारतीय वकिलातीचं साक्षांकन लागतं.) मूळ कागद कुरियरने महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यायचा, ५०० रुपये. कुरियरचं पाकीट फेकू नका, कागद कधी पोहोचला याचा तोच पुरावा.

मजकुरात काय हवं: फ्लॅट क्रमांक, इमारतीचं नाव, सीटीएस क्रमांक, करारावर सही करण्याचा, दुय्यम निबंधकासमोर दस्त सादर करण्याचा, सही केल्याची कबुली देण्याचा, मुद्रांक शुल्क भरण्याचा, ताबा घेण्याचा आणि सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज करण्याचा अधिकार. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत ‘खरेदी करणे व सही करणे’ एवढंच असतं, कबुलीचा उल्लेखच नसतो. निबंधक कार्यालयात टोकन नंबर लागतो, फोटो-अंगठ्यापर्यंत जाता आणि तिथून परत पाठवतात. मग पुन्हा न्यू जर्सी, पुन्हा अपोस्टिल. विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. त्याची आज गरज नाही.

फ्लॅट तपासताना

शेअर सर्टिफिकेट हातात घेऊन उलटं करा. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो: तारीख, कोणाकडून, कोणाकडे, समितीच्या सह्या. त्यातलं प्रत्येक नाव चेनमधल्या (आधीच्या खरेदी-विक्रीच्या कागदांच्या साखळीतल्या) एका मूळ नोंदणीकृत दस्ताशी जुळवा. मागे तीन हस्तांतरणं आणि फाइलमध्ये दोनच करार असतील, तर मधला दुवा कुठे आहे ते विचारा. बऱ्याचदा तिथे मृत सभासदाचं नामनिर्देशन असतं. नॉमिनी म्हणून सोसायटीने नाव चढवलं याचा अर्थ तो मालक झाला असा नाही. बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र हवं, तेही नोंदवलेलं. १९८० च्या दशकातले किरकोळ मुद्रांकावर केलेले करार असतील तर शुल्क कमी भरलंय का ते बघा. दंड कमी पडलेल्या शुल्कावर महिन्याला २ टक्के, कमाल त्याच्या चौपट, आणि तो कोणी भरायचा हे करारात लिहून घ्या.

बाकी नेहमीचं: निबंधक कार्यालयातला ३० वर्षांचा शोध, मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची थकबाकी, सोसायटीची एनओसी. मालमत्ता पत्रकावर जमीन सरकारी भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग दोन दिसली तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, ते आधी. ‘नंतर घेऊ’ चालत नाही. म्हाडाची इमारत असेल तर म्हाडाची परवानगी. पागडीची खोली असेल तर ती मालकी नाहीच, भाडेकरूपणाचं हस्तांतरण आहे, परदेशातल्या नागरिकाने त्यात पडू नये. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का हेही विचारा. झालं नसेल तर इमारत पुनर्विकासाला गेल्यावर दोन-तीन वर्षं त्यातच जातात.

किंमत रेडीरेकनरपेक्षा खाली लिहायचा सल्ला ब्रोकर देईल. घेऊ नका. मुद्रांक शुल्क जास्त मूल्यावरच लागतं, आणि तफावत १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती मुलीचं उत्पन्न धरून कर लागतो. रोख भाग तर नाहीच. त्या रकमेचा कागद नाही, म्हणजे ती परत नेता येणार नाही आणि विकताना खरेदी किंमत म्हणूनही धरता येणार नाही.

ताबा मिळाल्यावर

सोसायटी हस्तांतरण शुल्क म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त मागू शकत नाही, ‘विकास निधी’ म्हणून लाखभर मागितले तर ठरावाची प्रत मागा. तुम्ही आई-वडील राहणार असल्याने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लागत नाही. पुढे भाड्याने दिला तर ते शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, भाडं एनआरओ खात्यात घ्यायचं, आणि भाडेकरूने पहिल्या रुपयापासून टीडीएस कापायचा, कारण घरमालक अनिवासी आहे. निवासी घरमालकाच्या बाबतीतली महिना ५० हजार भाड्याची मर्यादा इथे लागू नाही, बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तसं कलम घाला.

अमेरिकेच्या बाजूला: थेट स्वतःच्या नावावरचा फ्लॅट एफबारमध्ये (परदेशी बँक खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती) दाखवावा लागत नाही, पण एनआरई आणि एनआरओ खाती दाखवावी लागतात. तिच्या सगळ्या परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली की. सव्वादोन कोटी एनआरईत एक दिवस जरी थांबले तरी ती रेषा ओलांडली जाते. एनआरईचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिथे करपात्र आहे. भाडंही तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं, इथे भरलेल्या कराची वजावट मिळते. तिच्या तिकडच्या कर सल्लागाराला पैसे पाठवण्याआधीच कळवून ठेवा.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: विकणाऱ्याला आजच फोन करून टोकनची अदलाबदल सांगा, आणि मुलीला पॅन आणि पासपोर्टचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाठवायला सांगा.